चाळीस हजार कोटी सूर्य, आणि करायचं काय?

त्रिशंकू

परवा दोन वर्षांनी एलिट डेंजरस हा अंतराळात जहाज चालवायचा ऑनलाइन खेळ उघडला. पासवर्ड विसरलो होतो, तो नवा घेतला. अपडेट उतरायला रात्र गेली. सकाळी चहा घेऊन बसलो, तर माझं एस्प एक्सप्लोरर जहाज जिथे सोडून गेलो होतो तिथेच उभं. कोलोनिया या दूरच्या वस्तीच्याही पुढे, एका बर्फाळ उपग्रहावर, टाकीत दीड टन इंधन. तिथला तारा टी वर्गाचा, म्हणजे त्यातून इंधन भरता येत नाही. दिवे लावले, एक गिरकी घेतली, परत उतरवलं, खेळ बंद केला. तीन मिनिटं झाली असतील.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून धागा काढतोय. हा खेळ मी अकराशे तास खेळलोय. आकाशगंगा खऱ्या आकाराची, तारे चाळीस हजार कोटी, त्यातले आपल्या आसपासचे हजारो खऱ्या तारासूचींतून घेतलेले. एवढा समुद्र डोळ्यांपुढे आहे, पण आत उतरलं की पाणी घोट्याएवढंच. किती चाललात तरी घोट्याएवढंच.

दोन प्रसंग सांगतो.

पहिला. एका स्टेशनवर दुष्काळ जाहीर झाला होता. मी दोन रात्री धान्याच्या खेपा मारल्या. खरंच वाईट वाटत होतं हो, हसू नका. दुष्काळ उठला. म्हणजे पडद्यावरचा एक शब्द बदलला आणि कुठल्याशा पक्षाचे टक्के वाढले. स्टेशन तेच, गोदीतला माणूस तीच दोन वाक्यं बोलतोय. दुष्काळ होता तेव्हाही तेच बोलत होता.

दुसरा. जहाजाची उडी (एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर) लांब करायची तर इंजिनिअरकडे जावं लागतं, आणि तिला द्यायला आर्सेनिक आणि असल्या वीस गोष्टी लागतात. त्यातल्या बऱ्याचशा डाव्ज होप नावाच्या पडक्या वसाहतीत मिळतात. तर मी काय केलं? बग्गीतून ढिगाऱ्यांभोवती फेरी मारायची, डबे उचलायचे, मेन्यूत जायचं, परत आत यायचं. डबे पुन्हा जागच्या जागी. परत फेरी. अशा चार संध्याकाळी. बायको मागून म्हणाली, "हे तू मघाशी पण उचललं होतंस ना?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीही केलं तरी या जगाला आठवत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. ग्राफिक्सबद्दल नाही, आवाजाबद्दल तर मुळीच नाही, आवाज स्वर्गीय आहे.

तुमचं मत काय? अजून कोणी खेळतंय का? याला पुढे काही भवितव्य आहे असं वाटतं का?

चिंच_गूळ

शीर्षक वाचून इस्रोबद्दल काही असेल म्हणून आले. चालू द्या.

वडापवाला

त्रिशंकूशेठ, रागावू नका, पण अकराशे तास खेळून 'यात काही नाही' म्हणणं म्हणजे तीन थाळ्या संपवून आमटी पांचट होती म्हणण्यातला प्रकार झाला.

मी २०१५ पासून खेळतोय, आजही खेळतोय. तुम्ही डबे मोजत बसलात, मी जहाज चालवतो. फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद करून, फिरत्या स्टेशनच्या त्या चिंचोळ्या फटीतून टाइप-नाइनसारखं मालवाहू धूड आत घातलंय कधी? दोन्ही बाजूंना वीतभर जागा, समोरून दुसरा कोणीतरी बाहेर येतोय, आणि आत गेल्यावर जरा रेंगाळलं की 'लॉयटरिंग' म्हणून गुन्हा दाखल. दहा वर्षं झाली, अजून तळहाताला घाम येतो. याला खोली म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि हटन ऑर्बिटल हे स्टेशन. मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं, म्हणजे तासाभराहून जास्त सरळ रेषेत जात राहायचं. नवख्यांना सगळे सांगतात की तिथे अ‍ॅनाकोंडा हे महागडं जहाज फुकट मिळतं. मी पण गेलो. अ‍ॅनाकोंडा नाही, तिथला मग घेऊन आलो. पुढे मीच अकरा जणांना पाठवलं. ही गोष्ट कोणत्याही प्रोग्रामरने लिहिलेली नाही, खेळणाऱ्यांनी घडवली.

त्रिशंकू

वडापवाला, मुद्दा मान्य आहे. जहाज चालवण्याची मजा या खेळाइतकी कुठेच नाही. पण गाडी चालवायला कितीही मजा आली तरी कुठे जायचंय हा प्रश्न उरतोच ना. आणि हटनची गंमत खेळणाऱ्यांनी केली हे तुम्हीच म्हणालात. पाहुण्यांनीच स्वयंपाक केला, तर यजमानाचं कौतुक किती करायचं?

खवचट_काका

पोरांनो, आता जरा बाजूला सरा.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने क्लास नावाची योजना काढली होती. निवडक शाळांना संगणक दिले, ते होते बीबीसी मायक्रो. आमच्या शाळेत दोन आले. खोलीला एसी, चपला बाहेर, आणि पोरांपेक्षा यंत्राची काळजी जास्त. आमच्या एका मित्राच्या मामाने बाहेरून आणलेला मूळचा एलिट तिथे मी पहिल्यांदा पाहिला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जहाज. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि हे सगळं ३२ के मेमरीच्या यंत्रात. तो लिहिणारी ब्रेबेन आणि बेल ही दोन कॉलेजातली पोरं. त्यांना खरं तर दोनाच्या अठ्ठेचाळिसाव्या घाताइतक्या आकाशगंगा ठेवायच्या होत्या. प्रकाशक म्हणाले, आठच ठेवा, नाहीतर सगळं एकसारखं आहे हे लोकांच्या लक्षात येईल.

आता मूळ मुद्दा. ती समज १९८४ च्या प्रकाशकाला होती, ती तीस वर्षांनी कोणालाच राहिली नाही. तेव्हा ग्रहावर काय आहे तर एक ओळ. उरलेलं आम्ही डोक्यात रचायचो, कारण ३२ के मध्ये मावणार किती? ते माफ होतं. आज माझ्या नातवाच्या मशीनमध्ये ३२ जीबी आहे, आणि ग्रहावर अजून एकच ओळ आहे. फक्त ग्रह फार देखणा आहे.

अवांतर: वडापवाल्याला एवढा पुळका का, ते सांगू का? याच्याकडे पाच अब्ज क्रेडिटचं कॅरिअर (स्वतःचं फिरतं तळजहाज) आहे. नाव काय ठेवलंय विचारा.

वडापवाला

लालपरी. त्यात काय एवढं?

खवचट_काका

धंदा वडापचा आणि गाडीचं नाव एसटीचं. महामंडळाने नोटीस पाठवली नाही अजून?

अर्धविराम

प्रोग्रामर म्हणून थोडं सांगतो. लांबण लागेल.

त्रिशंकूंचं 'आठवत नाही' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्याही खरं आहे. चाळीस हजार कोटी सूर्यमाला कुठेही साठवलेल्या नाहीत, साठवता येणारही नाहीत. एक सूत्र आहे. त्याला तुमच्या जागेचा आकडा दिला की ते तारा, ग्रह, डोंगर सगळं तिथल्या तिथे रचून देतं. तुम्ही निघून गेलात की पुसून टाकतं. पुन्हा आलात की तेच पुन्हा रचतं. म्हणून ते स्वस्त पडतं. जगाने लक्षात ठेवायचं म्हटलं की दर बदलाची नोंद सर्व्हरवर आली, आणि ती सगळ्या खेळाडूंना सारखी दिसायला हवी. हे महाग आणि किचकट काम आहे. सूत्रातून विस्तार फुकट मिळतो, इतिहास मिळत नाही.

पण हे अर्धंच कारण. माझ्या मते खरी गफलत बांधकामाची आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये खेळ आला तेव्हा एक मोठी खोली होती. मग २०१५ मध्ये पॉवरप्ले, म्हणजे सत्तेचं राजकारण आलं, त्याच वर्षी नुसत्या लढाईचं वेगळं मैदान आलं, वर्षाअखेरीस ग्रहांवर उतरता येऊ लागलं. २०१६ मध्ये इंजिनिअर, २०१७ मध्ये एका जहाजात अनेकांनी बसायची सोय, २०२१ मध्ये ओडिसी, म्हणजे पायी चालणं. दरवेळी बंगल्याला नवी खोली, पण मधली दारं कोणी ठेवलीच नाहीत. एका खोलीतून दुसरीत जायचं तर अंगणातून फिरून या. पायी चालता येतं, पण स्वतःच्या जहाजात आतून फिरता येत नाही. यापेक्षा बोलकं उदाहरण नाही.

एक दुरुस्ती मात्र. तुम्ही दोन वर्षं नव्हता, म्हणून सांगतो. इंजिनिअरिंगचं साहित्य २०२४ मध्ये बरंच स्वस्त केलं, डाव्ज होपच्या फेऱ्यांची आता गरज उरलेली नाही. त्याच वर्षी थारगॉइड या परग्रहवासी शत्रूंचे टायटन (महाकाय जहाजं) एकेक करून फुटले. आठ होते, सगळ्यांना वादळाच्या आणि विजेच्या देवांची नावं, त्यात एक आपला इंद्रही. शेवटचा कोसिहो डिसेंबरात थेट आपल्या सूर्यमालेत आला. त्या आठवड्यात मी रजा टाकली होती, घरी कारण वेगळं सांगितलं. पृथ्वीजवळ एवढी जहाजं मी कधी पाहिली नव्हती.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून वसाहती बांधता येतात. हे जगाला आठवतं. तुम्ही उभारलेलं स्टेशन उद्याही तिथेच असतं.

त्रिशंकू

वसाहतींचं वाचलं होतं. पण त्यात करायचं काय असतं, हे कोणी सांगेल का? प्रत्यक्ष बांधणारा माणूस हवा.

मघा

मी बांधलंय, मी सांगते.

सूर्यमाला ताब्यात घ्यायची, आणि चार आठवड्यांत पहिलं ठाणं उभं करायचं. साधं आउटपोस्ट म्हणजे वीस हजार टनांच्या आसपास माल. पोलाद, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, पाणी शुद्ध करायची यंत्रं, अन्न. टाइप-नाइनला पंचवीस-सत्तावीस खेपा. पहिल्या दहा खेपा उत्साहात गेल्या. मग जवळच्या बाजारातलं पोलाद संपलं, कारण शेजारी आणखी चौघं बांधत होते. मग लांबून आणायचं. आमच्या घराचं काम चालू असताना वाळूचा ट्रक आला का म्हणून रोज सकाळी फोन करायचे, तेच वाटायला लागलं.

शेवटची खेप टाकली, पुढच्या गुरुवारी सर्व्हरची देखभाल झाली (आपल्याकडे दुपारी साडेबारा, माझा जेवणाचा वेळ), आणि ठाणं उभं राहिलं. मी आत उतरले. आनंद झाला, खोटं का बोलू. मग बाहेर बघितलं. आत येणारं-जाणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. आता तिथे मीच जाते, म्हणजे झाडलोट करायला गेल्यासारखी.

त्यामुळे अर्धविराम, जगाला आठवतं हे खरं. पण त्या आठवणीचं जग काही करत नाही.

ऑरेंजबर्फी

तुमचं ऐकून हसावं की रडावं ते समजेना.

मी नागपूरचा, पीएसफोरवाला. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालं की कन्सोलवरचं पुढचं काम बंद. त्या वर्षाच्या शेवटी आकाशगंगाच दोन झाल्या. पीसीवरची 'लाइव्ह', आमची 'लेगसी'. खातं पीसीवर न्यायची सोय दिली होती, पण त्यासाठी आधी पीसी लागतो. माझ्याकडे होता बाबांचा ऑफिसचा लॅपटॉप.

म्हणजे तुमच्याकडे युद्ध झालं, टायटन आले, फुटले, इंद्र पडला. माझ्या आकाशगंगेत यातलं काहीच घडलं नाही. माझ्याकडे अजून शांतता आहे. बातम्यांचा फलक जुनाच. तुम्ही लोक 'जग आठवण ठेवत नाही' म्हणून भांडताय, माझ्या जगात तर कॅलेंडरच अडकलंय.

तरी मी रविवारी जातो बरं का. का ते विचारू नका.

दुपारची_झोप

+१ ऑरेंजबर्फी. वाचून कसंतरीच झालं.

खवचट_काका

आता भवितव्याबद्दल कोणीच बोलत नाही, तर मी बोलतो.

२०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी पंधरा लाख पौंडांच्या वर पैसे दिले. तेव्हा नेटशिवाय एकट्याने खेळता येईल असं सांगितलं होतं. खेळ यायच्या महिनाभर आधी म्हणाले, ते जमणार नाही. त्या एका निर्णयात सगळं भवितव्य आलं. १९८४ चा एलिट मी आजही चालवून दाखवतो. तुमचा हा, ज्या दिवशी सर्व्हरची वायर काढली त्या दिवशी संपला. चाळीस हजार कोटी सूर्य एका बटणावर.

२०२४ च्या मार्चअखेर द क्रू हा गाड्यांचा खेळ असाच बंद झाला. पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळता येईना. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांवर सह्या झाल्या. लोक मूर्ख नाहीत.

आणि हो, २०२४ पासून नवी जहाजं आधी खऱ्या पैशात विकतात. पायथन मार्क टू पासून सुरुवात झाली. तीनेक महिने थांबलं की तीच खेळातल्या पैशात मिळतात. म्हणजे आंब्यासारखं. हंगामाच्या सुरुवातीला पेटी पाच हजार, नंतर या.

वडापवाला

काका, त्याच पैशांमुळे गेली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी काहीतरी नवीन येतंय. २०२३ मध्ये मला वाटलं होतं की संपलं आता. कंपनीचे दुसरे दोन खेळ पडले, नोकरकपात झाली, आणि प्राणिसंग्रहालयांचे आणि डायनासोरचे खेळ हेच आमचं खरं काम अशी भाषा सुरू झाली. तेव्हापासून बघितलं तर हा खेळ उलट सावरलाय. कोणी विकत घेत असेल तर घेऊ दे, माझं पेट्रोल त्यातून निघतं.

आणि पर्याय सांगा. स्टार सिटिझन? २०१२ पासून बनतोय, सत्तर कोटी डॉलरच्या वर पैसे गोळा झाले, अजून 'अल्फा' आहे. तिथे खोली एवढी आहे की लिफ्टमधून माणूस जमिनीत जातो.

अर्धविराम

लिफ्टचा विनोद आवडला. पण नो मॅन्स स्कायचं नाव घ्यायला हवं. २०१६ मध्ये आला तेव्हा लोकांनी धू धू धुतला होता, आणि रास्तच होतं. त्यांनी तोंड मिटून काम केलं, वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिली. आज तिथे लोक जहाजाच्या आत फिरतात.

ईव्ह ऑनलाइन तर २००३ चा. तिथे विस्तार कमी, पण माणसांचा इतिहास आहे. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या एका सूर्यमालेत लढाई झाली, एकवीस तास चालली, पंच्याहत्तर टायटन (तिथली सर्वांत मोठी जहाजं) जळाले. कारण काय, तर एका गटाचं भाडं भरायचं राहिलं. त्या जागेवर नंतर स्मारक ठेवलं. भाडं थकल्याचं स्मारक! याला म्हणतात जगाला आठवणं.

संपादक_मंडळ

चर्चा विषयाला धरून ठेवावी. खेळांची तुलना हवी असल्यास वेगळा धागा काढावा. 'आंब्याची पेटी' या विषयावर आलेले नऊ प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत.

मघा

मी वर ठाण्याबद्दल कुरकुर केली, तर दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल.

गेल्या हिवाळ्यात मुलीला गच्चीवर कृत्तिका दाखवल्या. आठ वर्षांची आहे. सहा तारे मोजले तिने, सातव्यावर वाद झाला. मग खाली येऊन म्हणाली, तुझ्या खेळात आहेत का? आहेत. नकाशात 'मेरोपी' आणि 'माया' शोधल्या आणि निघालो. वीस-बावीस उड्या. दर उडीच्या शेवटी तारा एकदम अंगावर येतो, तेव्हा ती दरवेळी खुर्चीत मागे सरकायची. मायाला पोहोचलो. तिथे एक कृष्णविवर ठेवलंय. दिसत काहीच नाही, फक्त मागचे तारे वाकतात, भिंगातून बघितल्यासारखे. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "गच्चीवरून हे दिसत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, ध्रुवावर जाऊ. ध्रुव नकाशात आहे, पण कुलूपबंद. परमिट लागतं. कुठे मिळतं? कुठेच नाही, आजवर कोणालाच मिळालेलं नाही. "मग कुलूप कशाला लावलंय?" मला उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, आत अजून बांधलं नसेल.

पोरीने एका वाक्यात त्रिशंकूंचा अख्खा धागा लिहून टाकला. पण तरी त्या रात्रीसाठी मी या खेळाला बरंच काही माफ करते.

त्रिशंकू

मघाताई, "आत अजून बांधलं नसेल" हे मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझं मत फारसं बदललेलं नाही. वसाहतींबद्दल उत्सुकता वाटली, ताईंचा अनुभव वाचून अर्धी गेली. पण एक गोष्ट कबूल करतो. त्या उपग्रहावर उभं असलेलं जहाज मला उडवून देता येतं. तसं केलं तर एका मिनिटात घरी, नवं जहाज, इंधनाचा प्रश्न मिटला. परवा बटणावर बोट ठेवलं होतं. ठेवलं आणि काढलं. जहाज फुटलं तर न विकलेला शोधाचा डेटा जातो, आणि त्यात एकशे चाळीस सूर्यमाला अशा आहेत जिथे माझ्याआधी कोणी गेलेलं नाही. विकल्याशिवाय तिथे माझं नाव लागत नाही. कोण बघणार आहे ते नाव? चाळीस हजार कोटींत तिथे पुन्हा कोणी फिरकणारसुद्धा नाही. तरी बोट निघालं.

त्यामुळे तूर्तास लटकलेलाच आहे. फ्युएल रॅट्सना बोलवायचा विचार होता. दहा वर्षं झाली, लोकांना फुकट इंधन नेऊन देणारी ती मंडळी अजून आहेत म्हणे. पण एवढ्या लांब बोलवायची लाज वाटते.

खवचट_काका

नाव सार्थ केलंत.

वडापवाला

अहो, मग आधी बोलायचं ना! लालपरी सध्या कोलोनियातच उभी आहे, महिनाअखेरीला परत निघणार. तुम्ही कोलोनियाच्या पुढे म्हणजे किती पुढे?

त्रिशंकू

सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं.

वडापवाला

पाचशेची एक उडी, म्हणजे सहा-सात. एका उडीला वीस मिनिटं धरा. शनिवारी जेवून निघालो तर झोपायच्या आत तुमच्या दारात. ट्रिटियम (कॅरिअरचं इंधन) आहे. शोधाचा डेटा विकत घेणारं युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सही बसवलंय, पण डेटा माझ्याकडे विकू नका, कॅरिअरवर पंचाहत्तर टक्केच मिळतात. घरी गेल्यावर विका.

सूर्यमालेचं नाव आणि उपग्रहाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

त्रिशंकू

व्यनि केलाय. दीड टनात उपग्रहावरून उठून तुमच्यापर्यंत येता येईल असा हिशोब आहे, पण फार लांब उभे राहू नका. थांबा नक्की कुठे असेल?

वडापवाला

हात दाखवा, गाडी थांबवा.